आठ चाकूंचं अस्तर

समस्त वाचकवर्गास पूर्ण जबाबदारीने कळवण्यात येते की, चांगल्या चाकूच्या मुठीत लाकूड आणि पोलाद एकमेकांना शिवत नाहीत. दोघांच्या मध्ये एक अस्तर असते. पोस्टकार्डाच्या जाडीचे, कोणाच्या नजरेत न भरणारे. ज्यांना हे आजवर ठाऊक नव्हते त्यांनी घाबरून जाऊ नये. मलाही वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, आणि तरीही तोवर मी लग्न, धंदा आणि सोसायटीची निवडणूक अशा तिन्ही गोष्टी उरकून बसलो होतो.

हे ज्ञान मला एका म्हाताऱ्याच्या जिभेवरून मिळालं. अक्षरशः.

माधवनगरच्या रस्त्याला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटर घ्यायची, आतली तार उपसून काढायची, नवी भरायची आणि वार्निश पाजून भट्टीत सुकवायची, असा धंदा. तारेचा लोखंडाला स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये एक करडा, चिवट कागद घालतात. त्याला लेदरॉईड म्हणतात. एका दुपारी एक उंच, वाळका म्हातारा दुकानात शिरला. मला न विचारता त्यानं त्या कागदाच्या गुंडाळीचं टोक उचललं, डोळे मिटले आणि त्याला जीभ लावली.

मंडळी, मी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली आहेत. मोटरला शिव्या देणारी, मोटरला हात जोडणारी, मोटर आपल्याशी बोलते असं शपथेवर सांगणारी. पण माल चाटून बघणारं हे पहिलंच.

"काय वो, मीठ कमी पडलंय का?" मी विचारलं.

त्यानं जिभेला चिकटलेला कागद हलकेच ओढून काढला. "पितोय," तो समाधानानं म्हणाला.

"कोण पितोय?"

"ह्यो. जीभ धरून ठेवतोय, म्हंजे तहान हाय ह्याला. तहान असली तर डिंक पितोय. डिंक प्याला तर मूठ सुटत न्हाई. दे एक हातभर."

त्या दिवसापासून तो मला वायंडर म्हणायला लागला आणि मी त्याला आण्णा. बाकी सगळा गाव त्याला फिटर म्हणायचा. हयातभर कापडाच्या गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली, हात बंद पडले नाहीत. पोलाद कापायच्या यांत्रिक करवतीची जुनी पाती मिळवून तो त्यांचे चाकू करायचा. गिऱ्हाईक ठरलेलं: द्राक्षबागांत कलमं बांधणारे. तासगावकडचे, माणातले, थेट उंब्रजच्या रोपवाटिकेतले. कलम बांधणाऱ्याचा चाकू वस्तऱ्यासारखा लागतो, कारण काडीला एकच घाव घालायचा असतो. आणि मूठ अशी लागते की पावसात, चिकात, घामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात राहावी आणि हाताला तिची आठवणही होऊ नये.

ही मूठ फिटर बोरीच्या नाहीतर बाभळीच्या लाकडाची करायचा. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला तो शेपूट म्हणायचा. शेपटाच्या दोन्ही अंगांना अस्तर, अस्तरावर लाकूड, आरपार पितळी पिना. "लाकूड पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात आखडतंय," तो सांगायचा. "पोलाद हाय तसंच. दोघांचा सोभाव येगळा. मधी कोण तरी सोसणारं लागतंय गड्या."

त्यामुळे जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी जोडलेल्या दिसल्या की त्याचा एकच प्रश्न असे: "मधी काय घातलंस?" वडापाववाल्याला त्यानं हे विचारलं होतं. तो बिचारा चटणी म्हणाला, तर "मग सुटतोय कशापायी?" असं त्याच्याच गाडीपुढं उभं राहून खडसावलं. माझ्या मुलीचं लग्न ठरल्यावर मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणतो, "मधी काय घातलंस?"

"कुणाच्या मधी?"

"पोरीच्या आन जावयाच्या. दोघंबी पोलादच दिसत्यात. एखादी आत्या-बित्या घाल की मऊशी."

अस्तराच्या बाबतीत मात्र त्याची थट्टा चालत नसे. मी एकदा हौसेनं त्याला चपलेच्या कातड्याचा तुकडा नेऊन दिला, तर त्यानं तो दोन बोटांनी मेलेल्या उंदरासारखा बाजूला ठेवला. "चामडं घामाला भाऊ मानतंय. दोन म्हयन्यात मिठी मारून दोघंबी कुजत्यात." तांब्याचा पत्रा दिसायला सुरेख, मुठीच्या कडेला सोन्याची रेघ ओढल्यासारखा. पण तो डिंक पीत नाही आणि पावसाळ्यात हिरवा पडतो. कुणा हौशी माणसाला भिंतीवर टांगायचा चाकू हवा असला तरच तांबं. मेंढरांची खुरं तासणाऱ्यांना गिरणीचं जाड कापड, रेझिनमध्ये भिजवून दाबलेलं, कारण लोकरीचं तेलकट कशालाही सोडत नाही. आणि कलम बांधणाऱ्यांना माझ्या दुकानातला लेदरॉईड. पातळ, तहानलेला, ओल्याला न भिणारा.

एकदा त्यानं एक्स-रेच्या फिल्मचं अस्तर करून पाहिलं. फिल्म कुठून आणली, तर स्वतःच्या छातीची. गिरणीतला कापूस वर्षानुवर्षं छातीत गेलेला, म्हणून डॉक्टरांनी काढायला लावलेली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी जुनी फिल्म मागितली, तेव्हा पाकिटातून पट्ट्या निघाल्या. त्याची बायको, आमची काकी, दुकानात येऊन माझ्यावर उखडली. जसं काही कात्री माझीच होती.

"आवं पर आण्णा, फुप्फुसाचं अस्तर?" मी म्हणालो.

"उजवं घालून बघितलं," फिटर गंभीरपणे म्हणाला. "सुटलं. लय गुळगुळीत."

काकी कपाळावर हात मारून म्हणाली, "भाजीत मीठ हाय का न्हाई ते ह्या जिभेला कळत न्हाई. कागदाची चव तेवढी सांगा म्हनावं."

आता चिकटवण्याविषयी. हे नीट वाचा, कारण पुढं जे झालं ते सगळं यातच आहे.

आधी शेपूट जाड पॉलिश पेपरनं खरबरीत करायचं. मग थिनरनं पुसायचं, एकदा, दोनदा, तीनदा, दर वेळी नव्या फडक्यानं. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब मण्यासारखा गोळा होऊन बसला तर पोलादावर अजून तेलकटपणा आहे. थेंब पसरून सपाट झाला तर पोलाद स्वच्छ. फिटर हा थेंब सोडताना श्वास रोखायचा आणि मलाही रोखायला लावायचा. एकदा पाणी पसरलं, की शेपूट कोऱ्या कागदात गुंडाळायचं. त्यानंतर त्याला कुणी बोट लावायचं नाही. माणसाचं बोट म्हणजे फिटरच्या लेखी तेलाची घाणी. मग इपॉक्सीचे, म्हणजे फिटरच्या डिंकाचे, दोन भाग फरशीच्या तुकड्यावर सारखे काढून घोटायचे, अस्तराला पाजायचे, आणि शिकंज्यात धरायचे. तेही बेतानं. "गळा दाबायचा न्हाई," तो म्हणायचा. "मिठी मारायची. गळा दाबलास तर डिंक सगळा भाईर येतोय, मधी ऱ्हातंय काय?" शेवटी शिकंजे माझ्या भट्टीत, मंद आचेवर. वार्निशच्या मोटरी खालच्या कप्प्यात, फिटरचे चाकू वरच्या. मानाच्या जागेवर.

मूठ तयार झाली की तो डोळे मिटून अंगठ्याचं नख लाकडावरून, अस्तरावरून, पोलादावरून असं आडवं ओढायचा. नख अडलं तर पुन्हा घासायचं. नाही अडलं तर डोळे उघडायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की मीच ती मूठ केली आहे. आपण बसवलेली आणि सुटलेली मूठ अजून जन्मायची आहे, असं तो म्हणायचा. बढाईनं नाही, वजन-उंची सांगावी तसं.

त्या वर्षी नवरात्रात त्याच्याकडं आठ चाकूंचं काम होतं. अष्टमीला संध्याकाळी त्यानं आठही शेपटं माझ्याच दुकानात साफ केली. आठ थेंब, आठ वेळा रोखलेला श्वास, आठही पसरले. पुडा बांधून त्यानं भट्टीवर ठेवला.

"उद्या खंडेनवमी. हत्याराला सुट्टी. परवा चिकटवू. पुड्याला बोट लावू नगंस."

"न्हाई लावत," मी म्हणालो.

आणि मंडळी, मी खरंच लावणार नव्हतो.

पण नवमीच्या सकाळी मी दुकान धुतलं, वायंडिंगचं मशीन पुसलं, पाने, पक्कडी, हातोड्या मांडल्या, सगळ्यांना तेलाचा हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मला आरास करायची भारी हौस. लांब उभं राहून बघितलं तर सगळं झकास, आणि भट्टीवर तो पुडा एकटाच. मला कसंतरी झालं. गावातल्या गंजक्या कोयत्यालाही आज कुंकू लागलेलं असणार, आणि या आठ जणांना मूठ नाही म्हणून पूजा नाही? हात लावू नको म्हणाला होता तो, हे आठवत होतं. पण मला वाटलं, ते कामाच्या हाताविषयी. देवाच्या कामाला लागलेला हात हा काय हात लावणं झालं?

मी पुडा सोडला. आठही पाती पंख्यासारखी मांडली. बोट तेलात बुडवून, कुंकवात टेकवून, प्रत्येकाच्या शेपटावर एकेक टिळा लावला. शेपटावरच, कारण पात्याला धार होती. झेंडूची पाकळी ठेवली, फोटो काढला, मोबाईलच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'होऊ घातलेल्या शूरवीरांना वंदन'. अडतीस जणांनी अंगठा दाखवला.

संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की फिटरला लाल दिसलं तर तो मला कच्चा खाईल. मी टेबलावरचा सुताचा गोळा घेतला आणि टिळे पुसले. पाती पुन्हा लखलखली. पुडा होता तसाच, त्याच घड्यांवर बांधला. मोटरी पुसायचा तो गोळा स्वतःच तेल पिऊन बसलेला होता, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचून घ्यायचं नव्हतं, असंही म्हणता येईल.

दसऱ्याच्या सकाळी फिटर आला. त्यानं पुडा सोडला. पाण्याचा थेंब पुन्हा सोडला नाही. एकदा पसरलं म्हणजे पसरलं, आणि मध्ये पुडा होता माझ्याकडं. त्यानं डिंक घोटला, अस्तरं चाटली, मिठ्या मारल्या, भट्टीत ठेवलं. दुपारी मला आपट्याचं पान दिलं आणि वाकून नमस्कार करायला लागलेल्या मला धरून उभं केलं. तेव्हा मी फार खुशीत होतो.

आठ मुठी उन्हाळाभर ठणठणीत राहिल्या. पावसाळा लागला, लाकूड फुगलं, आणि श्रावणात दहिवडीकडून निरोप आला. तिथला एक कलम बांधणारा तासगावजवळच्या बागेत काडी कापत होता. मुठीची एक बाजू अचानक सुटून फिरली, हात पुढं घसरला, आणि पातं अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून गेलं. शीर वाचली. अंगठा वाकायचा बंद झाला. कलम बांधणाऱ्याचा अंगठा म्हणजे गवयाचा गळा. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

फिटरनं आपल्याकडं उरलेला, त्याच आठांतला एक चाकू आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. पिना ठोकून काढल्या. फटीत पातळ पट्टी घालून पिळली. अस्तर पोलादावरून एखाद्या वहीच्या कव्हरासारखं उचललं गेलं. सगळीकडं डिंकाचे ओरखडे होते, आणि मधोमध एक बोटाएवढा डाग, गुळगुळीत, कोरा. तिथून एक फराटा बाजूला गेलेला. कुणीतरी पुसल्यासारखा.



फिटर बराच वेळ पातं उजेडात धरून बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं न बघताच विचारलं, "वायंडर, पुडा कुणी सोडला हुता का रं?"

मंडळी, मी बोलका माणूस. कुणी न विचारलेलं सांगायची मला खोड. बायको म्हणते, माझ्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. आणि मी म्हणालो,

"छे! कोण सोडतंय आण्णा?"

त्यानं मान डोलावली. एका क्षणाचाही संशय नाही. आपला अंगठा त्यानं त्या डागावर ठेवला. बरोबर बसला. कुणाचाही बसला असता.

"माझाच," तो म्हणाला. "पानी पसरलं न्हवतं. पसरलं असं मला दिसलं. डोळं गेलं गड्या."

त्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. कारण तयारच होतं. मी ते त्याच्या हातात जाऊ दिलं. त्या दिवशी घरी जाऊन मी मोबाईलमधला पूजेचा फोटो काढून टाकला.

मग आम्ही बाकीचे चाकू गोळा करायला निघालो. पुढचं कुणी कापून घ्यायच्या आत सगळे परत पाहिजेत, असं त्यानं धरलं होतं. एसटीनं तासगाव, एसटीनं विटा, एसटीनं उंब्रज. मी बरोबर जात होतो, कारण त्याला एकटं पाठवणं बरं दिसेना. आणि वाटेत कुठंतरी सांगून टाकू, असं मी रोज सकाळी ठरवत होतो. एसटीत सांगता येत नाही, आवाज फार. थांब्यावर सांगता येत नाही, माणसं फार. घरी सांगता येत नाही, काकी असते. माणसाला कारणं किती मिळतात, याचा मला त्या आठवड्यात अचंबा वाटला.

उंब्रजचा रोपवाटिकेवाला चाकू द्यायलाच तयार होईना. मूठ उलटीसुलटी करून दाखवत म्हणाला, "आवं आण्णा, ही बघा की कशी घट्ट हाय. दगडावर आपटू का? असला चाकू मला कुठं गावायचा? मी न्हाई देत, जावा."

फिटरनं त्याच्या हातातून चाकू घेतला, नखानं अस्तराची कड चाचपली, खिशातली पातळ पट्टी सारली आणि मनगट जरासं वळवलं. मूठ उघडली. मधोमध तोच डाग.

रोपवाटिकेवाल्याचा चेहरा पडला. "लय भारी हुता वो," तो म्हणाला, मेलेल्या बैलाविषयी बोलावं तसं.

"दिसायला," फिटर म्हणाला.

परतीच्या एसटीत त्यानं सगळी सुटलेली अस्तरं पुन्हा पुन्हा खिडकीच्या उजेडात धरली. "बग, सगळ्यांवर एकाच जागी. एकाच मापाचं. म्हंजे मला सवयच लागली आसंल. धरायची. कवापास्नं लागली आसंल, वायंडर? आदीच्या चाकवांवर बी आसंल का?" तो एक-एक जुनं गिऱ्हाईक आठवायला लागला. आयुष्यभराचे चाकू त्याच्या डोक्यात एकेक करून सुटत चालले होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर ऊस होता. नुसता ऊस.

दहिवडीला मात्र तो मला घेऊन गेला नाही. "त्येच्याकडं मी एकटा जातो," म्हणाला. सकाळच्या गाडीनं गेला, तिसऱ्या प्रहरी आला. चाकू आणला होता.

"काय म्हणाला?"

"काय म्हननार? च्या पाजला."

एवढंच. आठही पाती त्यानं माझ्यासमोर ऐरणीवर ठेवून मोडली. शिकंजे, पॉलिश पेपर, फरशीचा तुकडा असं सगळं एका पोत्यात घालून माझ्या दुकानात आणून टाकलं. "तुला मोटरीला कामाला येतील." डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, असं मी म्हणालो, खर्चाचं बघू. तो म्हणाला, "कशाला? बघायचं काय हाय आता?"

त्यानंतरही तो यायचा. बाकावर बसायचा. लेदरॉईडची नवी गुंडाळी आली की मी मुद्दाम त्याच्या पुढ्यात उलगडायचो. तो त्यावरून हात फिरवायचा. जीभ लावायचा नाही. खंडेनवमी आली, मी पाने-पक्कडी मांडल्या, तेल घेतलं, आणि ते तेल वाटीत तसंच राहिलं. त्या वर्षी दुकानात नुसती फुलं वाहिली.

दिवाळीनंतर त्याची छाती बिघडली. मग मी एकदा पक्कं ठरवून त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. काकीनं चहा ठेवला आणि कधी नव्हे ती शेजारी गेली. खोलीत आम्ही दोघंच. आता कारण उरलं नव्हतं.

"आण्णा," मी म्हणालो, "एक सांगायचं हाय."

"सांग की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी गमतीचं सांगणार अशी त्याची खात्री होती. ओठ आधीच हसायला तयार झालेले. आणि मी काय सांगितलं असेल? एका माणसानं मोटर गरम होते म्हणून तिला ताक पाजलं, ती गोष्ट. हातवारे करून, आवाज काढून सांगितली. तो हसला, हसता हसता त्याला खोकला लागला, खोकता खोकता तो पाठीमागं पडला. मी त्याला पाणी पाजलं. "तू आलास की बरं वाटतंय बग," तो म्हणाला.

माघात तो गेला.

दहाव्याला मी गेलो, तेराव्याला गेलो, वाढायला उभा राहिलो, पंगतीत लोकांना फिटरच्या गोष्टी सांगितल्या. फुप्फुसाची गोष्ट सांगितली. सगळे हसले. काकीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. टिळ्यांची गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही.

परवा आषाढात, कलमांचा हंगाम तोंडावर आला असताना, एक तिशी-पस्तिशीचा माणूस दुकानात आला. डोक्याला मुंडासं, हातात पिशवी. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली पांढरा व्रण. मी व्रण पाहिला आणि ओळखलं, जरी आमची गाठ कधी पडली नव्हती.

"फिटर आण्णांचं घर बंद दिसलं," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं हुतं, घरी न्हाई गावलो तर मोटारीवाल्याकडं इचार."

काकी लेकीकडं गेली होती. मी त्याला बाकावर बसवलं आणि फिटर गेल्याचं सांगितलं. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"आंगठा आता वाकतोय माझा," मग तो म्हणाला, आणि वाकवून दाखवला. पुरता नाही, पण वाकत होता. "दुसरं चाकू वापरून बघितलं वो. हातच भरत न्हाई. म्हनलं, जाऊन म्हाताऱ्याकडनंच घ्यावा."

मी चहा मागवला. त्यानं तो दोन घोटांत संपवला.

"बिचाऱ्याची नजर गेली हुती," तो म्हणाला. "त्येनंच सांगितलं. म्हनला, पानी दिसलं न्हाई मला, गुन्हा माझा हाय."

मला ते ऐकवेना. किती महिने मी गप्प होतो, आणि माझं तोंड आता, चुकीच्या माणसापुढं, आपोआप उघडलं. "नजर गेली नव्हती," मी म्हणालो. "पाणी पसरलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं." आणि मग मी सगळं सांगितलं. पुडा, तेल, टिळे, सुताचा गोळा, त्यानं विचारलं ते आणि मी म्हणालो ते. हातवारे न करता सांगितलं. मला वाटलं तो मला मारेल. मारलं असतं तर मी त्याला धरून ठेवलं नसतं.

तो हाताकडं बघत बसला होता. मग एकदम उठला, बाक मागं कलंडला, आणि समोरच्या चहाच्या गाडीवरची माणसं वळून बघतील एवढ्यानं ओरडला,

"आरं, मग त्यो म्हातारा माझ्या दारात, माझ्या पोरीम्होरं, माझ्या पाया कशापायी पडला?"